उद्या पंपाचं काम

डॉक्टरांनी टेबलावर ठेवला तो.
दोन नळ्या, एक छोटी टाकी,
आणि दाबायला आवळ्याएवढा गोळा.
उद्यमनगरात चाळीस वर्षं
मी इंजिनांची पोटं उघडली,
सील बदलली, वॉशर कापले,
त्यामुळं हातात घेतल्या घेतल्या बोलून गेलो,
"हा तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह."
डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला समजवायची गरजच नाही."
गरज होती.
पण ती कशी मागायची ते येत नव्हतं.

शालन शेजारी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
तासाभरात तिनं एकच विचारलं,
"आवाज येतोय काय हो त्याचा?"
"नाही."
"मग बरं. यांच्या इंजिनांचा आवाज जन्मभर ऐकलाय."
डॉक्टर हसले, ती हसली,
मी सगळ्यात शेवटी.

दोन वर्षांपूर्वी गाठ निघाली, ग्रंथीसकट.
रिपोर्टात शून्य, पुढं टिंब, पुढं आणखी एक शून्य.
घरात पेढे आले. वाचलास, म्हणाले सगळे.
वाचलेल्या माणसानं आणखी काही मागायचं नसतं,
असं कुठं लिहिलेलं नाही,
पण सगळ्यांना पाठ आहे.
मलाही.

गोळ्या झाल्या. सुया झाल्या.
मग मी पलंगाच्या कडेकडेला सरकत गेलो,
भिंतीकडं तोंड करून.
डिसेंबरात तिचे गार पाय
माझ्या पोटरीला लागायचे
आणि मी झोपेचं सोंग घ्यायचो,
श्वाससुद्धा मोजून.

गल्लीत सांगितलंय, हर्निया.
पुण्याला पोराला सांगितलंय, हर्निया.
शिवगोंडा, माझा जुना हेल्पर, घरी येऊन म्हणाला,
"जाळी बसवत्यात मालक, काय न्हाई त्यात, माझंबी झालंय."
आणि स्वतःचं पोट उघडून दाखवलं.
त्याच्यापुढं खोटं बोलल्याचं
मला कॅन्सरपेक्षा जास्त लागलं.

रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद.
साखर खाली आणली, तीन महिने लागले,
गंगावेशीतलं रात्रीचं दूध सुटलं.
आता तीन दिवस गुलाबी औषधानं आंघोळ.
कागदावर लिहिलंय, बेंबीखाली लावून
दोन मिनिटं तसंच थांबायचं.
मी न्हाणीत उभा राहून मोजतो,
तालमीत बैठका मोजायचो तसं.
वस्ताद म्हणायचे, पोरगं लंगोटाचं पक्कं आहे.
या वस्ताद,
बघा आता.

संमतीच्या कागदावर साफ छापलंय.
पूर्वीएवढी लांबी नाही. बीज नाही.
आतलं मूळचं जे होतं, ते कायमचं जाईल,
नंतर काढून टाकलं तरी जुनं परत येणार नाही.
नॉन-रिटर्न, मी मनात म्हणालो,
आणि सही केली.
"नाते : पत्नी" या रेघेवर
शालननं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश,
खाली एक रेघ ओढली,
बँकेत ओढते तशी.

रात्री पिशवी भरली. ढगळ पायजमे दोन,
फाईल, मफलर, चार्जर.
बारानंतर पाणीही नाही, म्हणून
पावणेबाराला तिनं तांब्या आणला.
मी प्यायलो. उरलेलं ती प्यायली.
म्हटलं, "शालन, तुला पाहिजे काय गं हे?
का मी आपलाच हट्ट धरलाय?"
ती तांब्या उपडा घालत म्हणाली,
"दोन वर्षं मला कुणी विचारलंच न्हाई."
एवढंच.
होय नाही, नको नाही.
मी पुढं काही विचारायच्या आत
दिवा घालवायला उठली.

अंधारात तिचे पाय आले,
गारच.
मी सोंग घेतलं नाही.
पोटरी तशीच ठेवली, मग जरा मागं सरकवली.

रिक्षा सहाची सांगितलीय.